संगणक उशिरा सुरू होतो, तेव्हा तो नेमका कुठे अडलेला असतो?

श्रोतेहो, घरचा संगणक सुरू व्हायला फार वेळ घेतो अशी तक्रार कोणी केली, की मी आधी एकच प्रश्न विचारतो : हा वेळ जातो कुठे? पुष्कळांना हा प्रश्न विचित्र वाटतो, कारण बटण दाबल्यापासून काम सुरू करता येईपर्यंतचा काळ त्यांच्या दृष्टीने एकसंध असतो. प्रत्यक्षात त्या काळात संगणकाची सूत्रे एकाकडून दुसऱ्याकडे जात असतात. मदरबोर्डवरचे, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीवरचे फर्मवेअर (यंत्रातच कायमचा बसवलेला प्रोग्रॅम), ज्याला आपण सवयीने बायॉस म्हणतो, ते प्रथम जागे होते आणि रॅम (कामापुरती स्मृती), कीबोर्ड, डिस्क या गोष्टी जागेवर आहेत की नाहीत ते तपासते. त्यानंतर बूट लोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, रॅममध्ये आणतो. कर्नल ड्रायव्हर (एकेक उपकरण चालवणारे प्रोग्रॅम) आणि सेवा (पडद्याआड चालणारे प्रोग्रॅम) सुरू करतो. आणि तुम्ही पासवर्ड टाकल्यावर डेस्कटॉप आणि त्याच्यामागून आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम येतात. यांपैकी कोण रेंगाळतो हे कळल्याशिवाय केलेली दुरुस्ती ही निव्वळ अंदाजपंचे असते.

म्हणून हातात घड्याळ घ्या आणि तीन नोंदी करा. बटण दाबल्यापासून विंडोजचे फिरणारे ठिपके दिसेपर्यंत किती सेकंद लागले, तिथून पासवर्डच्या पडद्यापर्यंत किती, आणि पासवर्ड टाकल्यापासून ब्राउझर न अडखळता उघडेपर्यंत किती. तिसरी नोंद लोक हमखास विसरतात. डेस्कटॉपचे चित्र दिसले म्हणजे संगणक सुरू झाला असे ते मानतात आणि पुढची दोन मिनिटे माउस आपटत बसतात. विंडोज स्वतःही असा हिशेब ठेवत असते. इव्हेंट व्ह्यूअर या तिच्या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मायक्रोसॉफ्टच्या विभागात विंडोजखाली ‘डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स’ नावाची नोंदवही असते. तिच्यातील १०० क्रमांकाच्या नोंदीत सुरू होण्यास लागलेला वेळ मिलिसेकंदांत लिहिलेला असतो, तर १०१, १०२ आणि १०३ या क्रमांकांखाली अनुक्रमे रेंगाळलेले प्रोग्रॅम, ड्रायव्हर आणि सेवा यांची नावे सापडतात. लिनक्सच्या बहुतेक प्रचलित आवृत्त्यांमध्ये ‘सिस्टमडी-अॅनालाइझ’ ही आज्ञा हेच काम करते.

मोजताना एक फसगत होते, ती आधीच सांगून ठेवतो. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असेल तर शटडाउन केल्यावर कर्नलची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. रीस्टार्ट केल्यावर मात्र सर्व काही मुळापासून सुरू होते. त्यामुळे रोज रात्री संगणक बंद करणाऱ्या माणसालाही टास्क मॅनेजरमध्ये (काय काय चालू आहे ते दाखवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रॅममध्ये) संगणक कित्येक दिवस चालू असल्याचे दिसते आणि एखादा बिघडलेला ड्रायव्हर दिवसेंदिवस तसाच पुढे येत राहतो. तेव्हा तुलना करायची तर रीस्टार्टची रीस्टार्टशीच करावी आणि तपासणीची सुरुवातही रीस्टार्टनेच करावी. कित्येकदा तक्रार तिथेच मिटते.

आता या नोंदी काय सांगतात ते पाहू. पहिला आकडा मोठा असेल तर विंडोजला दोष देण्यात अर्थ नाही, कारण तिची पाळी अजून आलेलीच नसते. हे मी स्वतः ठेच लागून शिकलो आहे. माझा एक संगणक कंपनीच्या बोधचिन्हावरच जवळजवळ मिनिटभर थांबत असे. मी प्रोग्रॅम काढले, शेवटी विंडोजही नव्याने टाकली, आणि फरक शून्य. मागच्या बाजूला कायमची जोडलेली एक जुनी बाह्य हार्ड डिस्क होती आणि बायॉस दर वेळी आधी तिच्यावर ऑपरेटिंग सिस्टिम शोधत बसत होता. ती वायर काढली आणि प्रश्न संपला. म्हणून या टप्प्यावर जादा यूएसबी उपकरणे काढून पाहावीत, आणि बायॉसमध्ये जाऊन आपली मुख्य डिस्क क्रमाने पहिली आहे ना, नेटवर्कवरून सुरू होण्याचा पर्याय उगाच वर आलेला नाही ना, हे तपासावे. नव्या संगणकांत टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप विभागात ‘लास्ट बायॉस टाइम’ हा आकडा बहुधा आयताच मिळतो.

दुसरा आणि तिसरा असे दोन्ही आकडे मोठे असतील, तर संशय प्रथम डिस्कवर घ्यावा. फिरणारी हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या डोक्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, आणि डोके योग्य जागी सरकण्याचे ८-९ मिलिसेकंद निराळे. एका ठिकाणाहून वाचायला असे १३ मिलिसेकंदांच्या आसपास गेले, तर सेकंदाला जेमतेम ७५ ठिकाणे होतात. सुरू होताना मात्र संगणकाला एक सलग मोठी फाइल नको असते, इकडेतिकडे विखुरलेले हजारो लहान तुकडे हवे असतात. असे ६००० तुकडे धरले तर नुसत्या वाचण्यात ८० सेकंद गेले. लॅपटॉपमधल्या ५४०० फेऱ्यांच्या डिस्कला याहूनही जास्त वेळ लागतो. एसएसडीत, म्हणजे चिपांवर माहिती साठवणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये, फिरणारे काहीच नसल्याने एका वाचनाला मिलिसेकंदाचा एखादा दशांश किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो. जुना संगणक एसएसडी बसवल्यावर नव्यासारखा वाटतो त्याचे कारण हे एवढेच आहे. त्याच्या प्रोसेसरमध्ये काहीही बदललेले नसते.

पूर्वी बऱ्यापैकी चालणारी डिस्क अलीकडे अचानक मंदावली असेल, तर तिचे आरोग्य पाहावे. प्रत्येक डिस्क ‘स्मार्ट’ नावाची स्वतःची नोंद ठेवते. तीत बदललेल्या किंवा वाचता न येणाऱ्या सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांची, संख्या वाढत असेल, किंवा डिस्कमधून टकटक ऐकू येत असेल, तर तपासण्या थांबवून आधी कागदपत्रे आणि छायाचित्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत.

केवळ तिसराच आकडा मोठा असेल, तर गर्दी स्टार्टअपमधली, म्हणजे आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांची असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि स्टार्टअप विभागात ज्यांचा परिणाम ‘हाय’ दाखवला आहे त्यांच्याकडे आधी पाहावे. येथे ‘डिसेबल’ केल्याने प्रोग्रॅम पुसला जात नाही, तो बोलावल्याशिवाय येत नाही इतकेच. अँटिव्हायरसला तेवढे हात लावू नये. मात्र दोन अँटिव्हायरस एकत्र नांदत असतील तर एकाची रवानगी करावी. दोषी कोण हे कळत नसेल तर निम्मे प्रोग्रॅम बंद करून रीस्टार्ट करावा. फरक पडला तर दोषी त्या निम्म्यांत, नाही पडला तर उरलेल्यांत. सोळा प्रोग्रॅमांतला एक अशा चार फेऱ्यांत सापडतो.

रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांची वही, ‘साफ’ करणारे प्रोग्रॅम या कामी निरुपयोगी असतात, आणि तेच पुढे स्टार्टअपमध्ये जाऊन बसतात हा त्यातला विनोद. विंडोजच्या सिस्टिम कॉन्फिगरेशन या प्रोग्रॅममध्ये प्रोसेसरांची संख्या वाढवण्याचा सल्लाही असाच पोकळ आहे. तिथली प्रोसेसरांच्या संख्येची चौकट मोकळी असली तरी विंडोज सगळे प्रोसेसर वापरतेच. चौकटीचा उपयोग संख्या कमी करण्यापुरता.

शेवटी, एसएसडी बसवणाऱ्यांसाठी. जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत नव्यावर घेतली, की स्टार्टअपमधली गर्दीही तिच्यासोबत येते, म्हणून तिन्ही नोंदी पुन्हा कराव्यात. आणि जुनी डिस्क आतच ठेवली असेल तर बायॉसमधला क्रम बदलायला विसरू नये. नाहीतर संगणक मुकाट्याने जुन्याच डिस्कवरून सुरू होत राहतो आणि मालक एसएसडीचा काही उपयोग झाला नाही असे सांगत फिरतो.