पाचशे एकावा माणूस

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेतलं भाषण, थोडं आवरून)

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय, 'मोठ्या यादीला ईमेल कसं पाठवावं'. मला दिली होती २५ मिनिटं, त्यातली सात माईकनं खाल्ली. म्हणून थेट मुद्द्यावर येतो. हसू नका, खरंच येतो.

आमच्या गाण्याच्या मंडळाच्या यादीत ६१२ पत्ते आहेत. घरगुती बैठकी असतात, दाराशी वही ठेवायची आणि लोकांनी चहाच्या आधी ईमेल लिहायचं. चहानंतर कोणी लिहीत नाही, हा अनुभव. डॉक्टरमंडळींचे पत्ते मी अंदाजानं लावलेत. काही माणसं आता ठाण्यात, काही न्यू जर्सीत, काही वर. वरच्यांचे पत्ते काढायला हात धजत नाही.

तर एका रविवारी बैठक. गायिकाबाईंची गाडी उशिरा, म्हणून शनिवारी संध्याकाळी वेळ नऊची अकरा केली. एक मेल लिहिलं, सगळे पत्ते डकवले, बटण दाबलं. उत्तर आलं, 'आपण मर्यादा ओलांडली आहे, २४ तासांनी प्रयत्न करा.' २४ तासांनी आमच्या सतरंज्यासुद्धा गुंडाळून झालेल्या असतात! मग अर्धे पत्ते बायकोच्या खात्यावरून, अर्धे सुनेच्या. आणि घाईत बीसीसी, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला न दिसणारा रकाना, राहिलं. तीनशे माणसांना तीनशे माणसांचे पत्ते उघड्यावर.

एकानं सगळ्यांना कळवलं, 'येतो'. दुसऱ्यानं सगळ्यांना विचारलं, 'पार्किंग आहे का?' तिसऱ्यानं सगळ्यांना लिहिलं की कृपया सगळ्यांना उत्तर देऊ नये. त्यावर अकरा जणांनी सगळ्यांना 'सहमत'. सोमवारी एका विमावाल्यानं त्याच यादीवर आपली योजना पाठवली. बायको विचारते, 'हे कोण लोक मला येतो म्हणून सांगतायत?' इतकं होऊन रविवारी नऊ वाजता चाळीस माणसं दारात हजर, आणि आमचे पोहे अजून भिजवायचे होते.

मला राग याचा, की पोस्टानं कधी विचारलं नाही, किती कार्डं टाकताय म्हणून. हळदकुंकू लावलेली पत्रिका असो की कोपरा फाडलेलं कार्ड, पेटीत टाकलं की गेलं. पण तिथं दर कार्डामागे तिकिटाचे पैसे जायचे, तो लगाम होता. ईमेल फुकट. १९७८ च्या मे महिन्यात अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या संगणक-जाळ्यावरच्या, सुमारे चारशे लोकांना एकगठ्ठा मेल धाडलं. जगातलं पहिलं स्पॅम, म्हणजे न मागता आलेलं जाहिरातीचं मेल, म्हणतात ते हेच. काय होतं त्यात? कार्यक्रमाचं निमंत्रण! नवे संगणक बघायला या. आणि पत्त्याच्या रकान्यात सगळे मावले नाहीत, उरलेले पत्ते मजकुरात सांडले. म्हणजे आमचाच मूळपुरुष.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, भरभर सांगतो. जीमेलच्या साध्या खात्याला दिवसाला ५०० माणसं. पत्रं नव्हे, माणसं मोजतात. एक पत्र ५०१ जणांना लिहा, अडकलात. बीसीसीतलेही मोजले जातात, म्हणून बीसीसी ही युक्ती नाही, शिष्टाचार आहे. मर्यादा का? कारण चोरलेलं खातं एका रात्रीत हजारो मेलं फेकतं, आणि त्यांच्या यंत्राला चोर कोण अन् मंडळाचा चिटणीस कोण, दोघे सारखेच दिसतात. तेव्हा बायकोच्या खात्याची वाट धरू नका. यादी दोन दिवसांत वाटा, तातडीचं असेल तर फोन करा. कायमचं करायचं तर गूगल ग्रुप काढा. गटाच्या एका पत्त्यावर पाठवलेलं मेल तुमच्या हिशेबात एकच माणूस धरतात. त्यात लोकांना निमंत्रण देऊन घ्या, म्हणजे नको असेल तो आपण होऊन राहील बाहेर. उत्तरं फक्त पाठवणाऱ्याला जातील अशी सोय त्यातच आहे, ती पहिल्या दिवशी लावा. बंद पडलेले पत्ते काढा, परत येणारी मेलं वाढली की तुमच्यावरचा संशय वाढतो. वरच्यांचे मी वेगळ्या वहीत उतरवून घेतले.

पुढच्या बैठकीचं निमंत्रण 'अ' ते 'प' आडनावांना आज गेलंय, बाकीच्यांना उद्या. कुलकर्णी सगळे आज. आलं नाही तर आधी स्पॅमचा कप्पा बघा, मग मला फोन करा. एक ते चार सोडून.