न शिवता फिरवणारं चुंबक

श्रोतेहो, नमस्कार.

माग कसा चालतो हे सोलापूरकरांना सांगायची गरज नाही. पण मागाला फिरवणारी मोटार बंद लोखंडी कवचात असते आणि तिच्या आत डोकावायची वेळ सहसा ती जळाल्यावरच येते. आज त्या आतल्या भागाविषयी बोलू.

रिवाइंडिंगच्या दुकानात मोटार उघडली की मधला फिरता भाग, म्हणजे रोटर, बाहेर काढतात. पोलादी पत्र्याच्या चकत्यांचा तो गोल ठोकळा. त्यात किंचित तिरप्या बसवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, दोन्ही टोकांना कडी. त्याला बाहेरून एकही वायर येत नाही. भोवतालच्या स्टेटरला, म्हणजे वायंडिंग असलेल्या स्थिर भागाला, तो टेकतही नाही. मधे एक मिलिमीटरपेक्षाही कमी फट. तरी तो अख्खा माग ओढतो!

हे काम चुंबकाचं. तीन फेजचा, म्हणजे तीन तारांतून येणारा, प्रवाह एकाच वेळी नाही, एकामागून एक शिगेला पोचतो. त्यामुळे स्टेटर जागेवर असला तरी त्यातलं चुंबकत्व गोल फिरत राहतं. फेरारिस आणि टेस्ला या संशोधकांनी 1880च्या दशकात हे स्वतंत्रपणे ओळखलं. 1889 मध्ये दोलिवो-दोब्रोवोल्स्की या इंजिनिअरनी त्याला तीन फेज आणि पिंजऱ्यासारखा रोटर दिला. आजची मोटार मुळात तीच.

मोटारीवरची पाटी कधी वाचली आहे? चार पोलच्या, म्हणजे चार चुंबकीय ध्रुवांच्या, मोटारीत चुंबकत्व मिनिटाला 1500 फेरे घेतं, पण पाटीवर बहुधा 1440च्या आसपास आकडा असतो. ही मोटारीतली खोट नव्हे. रोटर थोडा मागे राहतो म्हणूनच त्याच्या पट्ट्यांत प्रवाह निर्माण होतो आणि त्या प्रवाहामुळेच चुंबक त्याला ओढू शकतं. त्यानं 1500 गाठले तर ओढच संपेल. मागावर भार वाढला की रोटर आणखी जरा मागे पडतो आणि जास्त जोर मिळवतो. ही सोय मला फार सुंदर वाटते.

म्हणूनच एक फेज गेला की घात होतो. उरलेलं चुंबकत्व फिरत नाही, जागच्या जागी उलटसुलट होतं. थांबलेली मोटार नुसती गुणगुणते, सुरू होत नाही. चालू मोटार फिरत राहते, पण उरलेल्या वायंडिंगवर सगळा ताण येऊन ती तापते. गुणगुण ऐकू आली की आधी बटण बंद करा, मग फ्यूज बघा. स्टार्टरमध्ये सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटार बंद करणारं उपकरण, बसवण्याचा खर्च एका रिवाइंडिंगपुढे काहीच नाही.

वीज बनवणाऱ्या यंत्रातही चुंबकाचीच सत्ता. आहेरवाडी-फताटेवाडीच्या एनटीपीसी प्रकल्पात 660 मेगावॉटचे दोन संच आहेत. तिथल्या रोटरमध्ये डीसी प्रवाह सोडून त्यालाच चुंबक करतात, म्हणून तो मागे राहत नाही. ग्रिडच्या, म्हणजे वीज वाहणाऱ्या तारांच्या जाळ्याच्या, 50 हर्ट्झ फ्रिक्वेन्सीशी जखडून मिनिटाला 3000 फेरे घेतो. देशभरातले असे रोटर एकमेकांशी बांधलेले आहेत. दक्षिणेचं ग्रिड मात्र वेगळं होतं. 31 डिसेंबर 2013 रोजी ते उरलेल्या देशाशी जोडलं गेलं, आणि तो सांधा होता रायचूर–सोलापूर 765 केव्ही लाइन.

तेव्हापासून देशात विजेची मागणी वाढून फ्रिक्वेन्सी 49.9 वर उतरली, तर आहेरवाडीतला रोटर 2994 वर येतो, केरळमधला त्याचा जोडीदारही तितकाच मंदावतो, आणि आपल्या मागाची मोटार 1440 वरून 1437 च्या आसपास.