आतड्याला उपास नको

आतड्याला छिद्र पडून पोटात पू पसरला होता. काल रात्री ऑपरेशन झालं. आज हा रुग्ण आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहे, आणि बाहेर बाकड्यावर बसलेले घरचे येईल त्या सिस्टरला विचारतायत, "त्यांच्या पोटात काही गेलं का?"

सलाइन चालू आहे की! पण 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे साखरेच्या पाण्याच्या, अर्ध्या लिटरच्या बाटलीत जेमतेम 85 कॅलरी असतात. प्रथिनं शून्य. एवढ्या आजारात शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं. श्वासाचे स्नायूही त्यात आले. ते झिजले की व्हेंटिलेटर लवकर सुटत नाही.

सिस्टर राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून जठरात जाणारी नळी, मापून घेतात. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखालपर्यंत. तिथे चिकटपट्टीची खूण. नळी आत सरकते, पण फीड, म्हणजे नळीतून द्यायचं पातळ अन्न, लगेच नाही. आधी एक्स-रे. सिरिंजने हवा सोडून पोटावर आवाज ऐकायची जुनी सवय अजून कुठे कुठे दिसते. तो आवाज फसवतो, आणि नळी श्वासमार्गात गेली असेल तर फीड थेट फुफ्फुसात जातं.

पूर्वी गॅस सुटेपर्यंत पोट रिकामं ठेवायचे. आता रक्तदाब सावरलेला असेल आणि आतडं अडलेलं किंवा गळत नसेल, तर 24 ते 48 तासांत फीड सुरू करतात. आतड्याचं अस्तर आतून अन्न मिळालं तरच धड राहतं. आतडं चालतच नसेल तर शिरेतून पोषण देता येतं. त्याची मात्र घाई नको: बेल्जियममधल्या 4,640 रुग्णांच्या अभ्यासात, 2011 साली, ते लवकर दिलेल्यांना संसर्ग जास्त झालेला दिसला.

या रुग्णाच्या फीडची सुरुवात तासाला 20 मिलीने. चार छोटे चमचे. उशाकडची बाजू 30 ते 45 अंश वर. पोट फुगत नाही, उलटी नाही, हे बघत वेग वाढवायचा. प्रथिनं किलोमागे दिवसाला किमान 1.2 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 72 ग्रॅम. तिथवर पोचायला काही दिवस जातात. बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर दिलं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम कोसळतं, हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून आधी थायमिन (बी-1 जीवनसत्त्व), आणि रोज रक्ततपासणी.

फीडची खरी गळती वेगळीच असते. सीटी स्कॅनला नेताना फीड बंद. पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायचंय, बंद. परत आल्यावर चालू करायचं राहून जातं. चार्टवर दोन आकडे हवेत: किती ठरलं होतं आणि किती गेलं. राउंडला आलेल्या सर्जननी आधी दुसरा वाचावा.