तिथे नको, तिथे बॉम्ब आहे!

(पडद्यावर करड्या घरांचा कोरा पट. माऊसचा बाण एका घरावर येऊन थांबतो, पुढे सरकतो, पुन्हा थांबतो.)

हा माइनस्वीपर, कॉम्प्युटरवरचा सुरुंग चुकवायचा खेळ, आणि ही त्याची सगळ्यात अवघड ‘एक्स्पर्ट’ पातळी. 16 ओळी आणि प्रत्येक ओळीत 30 घरं. एकूण 480 घरांपैकी 99 घरांखाली सुरुंग. वर डावीकडे लाल आकड्यांत उरलेल्या सुरुंगांची संख्या, उजवीकडे घड्याळ आणि मधोमध एक पिवळा हसरा चेहरा. बटण दाबून धरलं की हा चेहरा आ वासतो. सुरुंग फुटला की त्याच्या डोळ्यांच्या जागी फुल्या येतात. आणि डाव जिंकलात तर तो काळा गॉगल चढवतो.

उघडलेलं घर तुम्हाला एवढंच सांगतं की त्याच्या भोवतीच्या 8 घरांत मिळून किती सुरुंग आहेत. नेमके कुठे, ते तुम्ही ओळखायचं. निळा 1, हिरवा 2, लाल 3. ठाण्यातल्या एका पिढीला हे रंग अजून पाठ असतील. 7 काळा असतो, हे मात्र फार थोड्यांनी पाहिलं असेल, कारण 7 उगवेपर्यंत डाव टिकतोय कुठला!

बनवणाऱ्यांनी माइनस्वीपर एकट्याने खेळायचा खेळ म्हणूनच बनवला होता. ऑफिसातलं टेबल, समोर कॉम्प्युटर आणि साहेब यायला वेळ, असा तो मामला. आमच्या ठाण्यात तो तसा फारसा खेळला गेला नाही. इथे एक जण माऊस धरायचा आणि बाकीचे त्याच्या खुर्चीमागे उभे राहून त्याला शहाणपण शिकवायचे. आज गोष्ट सांगायची आहे ती या मागे उभ्या राहिलेल्यांची.

(गोखले रोड, संध्याकाळ. मग नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीचा जिना.)

आधी थोडा इतिहास. सुरुंग चुकवत पुढे जायचे खेळ त्याआधीही होते. 1983 साली झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरवर इयन अँड्र्यू यांचा ‘माइन्ड-आउट’ आला होता. पण आपण ज्याला माइनस्वीपर म्हणतो तो मायक्रोसॉफ्टमधल्या रॉबर्ट डॉनर आणि कर्ट जॉन्सन यांचा. 1990 मध्ये तो खेळांच्या एका वेगळ्या संचात विकला गेला आणि एप्रिल 1992 मध्ये विंडोज 3.1 सोबत फुकट मिळू लागला. पुढच्याच महिन्यात मानखुर्दहून खाडी ओलांडून पहिली लोकल वाशीला पोचली. लोकल आणि सुरुंग यांचा काही संबंध नाही. फक्त तो काळ डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगितलं.

ठाण्यातल्या घरांत कॉम्प्युटर शिरायला त्यानंतर काही वर्षं जावी लागली. आला तो बहुतेकदा ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून, सुटे भाग जोडून घेतलेला, टॅक्सीत मॉनिटर मांडीवर धरून. कारण सगळीकडे एकच, मुलांचं शिक्षण. आणि जागाही एकच, बाहेरची खोली. नौपाडा, चरई, पाचपाखाडीच्या दोन-तीन खोल्यांच्या घरांत दुसरी जागा होती तरी कुठे? दिवाणाला लागून टेबल, त्याच्या पोटात सरकणारा कीबोर्डचा ट्रे, मॉनिटरवर शिवून घेतलेलं कापड. टीव्ही बघणारा, भाजी निवडणारी, अभ्यास करणारा आणि अभ्यासाचं सोंग करणारा, सगळे त्याच खोलीत.

इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 पासून सर्वसामान्यांना मिळू लागलं होतं, पण ते लावलं की फोन अडकायचा आणि महिनाअखेरीला बिल यायचं. माइनस्वीपरला फोन लागत नव्हता, सीडी लागत नव्हती, कुणाची परवानगीही लागत नव्हती. स्टार्ट, प्रोग्रॅम्स, अ‍ॅक्सेसरीज, गेम्स. झालं.

(पट पुन्हा पडद्यावर. एका कोपऱ्यातली बरीच घरं उघडलेली.)

लोक मागे का उभे राहायचे, याचं उत्तर या पटातच आहे. पत्त्यांत तुमच्या हातातली पानं दुसऱ्याला दिसत नाहीत. इथे माऊस धरणाऱ्याला जे दिसतं तेच आणि तेवढंच स्वयंपाकघराच्या दारातून डोकावणारीलाही दिसतं. त्यामुळे ‘तुला काय कळतंय’ असं म्हणायची सोय नाही. ज्याला कळतंय त्याने सिद्ध करून दाखवायचं.

आणि सिद्ध करता येतं, ही तर या खेळाची खरी मजा. आमच्या घरातला पहिला मोठा वाद झाला तो 1, 2, 1 वरून. पडद्यावर बघा. एका सरळ रेषेत तीन आकडे उघडलेत, 1, 2, 1, आणि त्यांच्याभोवती झाकलेली आहे ती फक्त वरची ओळ. दादाचं म्हणणं, 2 च्या बरोबर वर सुरुंग असणार, कारण आकडा मोठा आहे. ऐकायला पटतं. आत्या मागून म्हणाली, “तिथेच तर नाहीये!”

आत्याचा हिशेब असा. घटकाभर समजा, 2 च्या डोक्यावर सुरुंग आहे. पण 2 ला दोन सुरुंग हवेत, म्हणजे आणखी एक त्याच्या डाव्या किंवा उजव्या हाताच्या घरात आला पाहिजे. डावीकडे ठेवला, तर डावीकडच्या 1 ला दोन सुरुंग शिवतात. त्याला तर एकच चालतो. उजवीकडे ठेवला, तर उजवीकडच्या 1 ची तीच गत. म्हणजे मधलं घर मोकळं आणि सुरुंग दोन्ही 1 च्या डोक्यावर. शिवाय त्या सुरुंगांना लागून बाहेरच्या बाजूला असलेली दोन घरंही मोकळी, कारण दोन्ही 1 चा हिशेब आता पुरा झाला. एका आकृतीत तीन घरं बिनधास्त उघडायला मिळाली.

1, 2, 2, 1 असेल तर उलटं होतं. तिथे सुरुंग दोन्ही 2 च्या डोक्यावर असतात. हे का, ते मी सांगत नाही. व्हिडिओ थांबवा आणि घरात कुणाशी तरी भांडून बघा.

आत्याचं गणित चांगलं होतं, पण माऊसशी तिचं पटत नव्हतं. 2001 मध्ये एमएस-सीआयटी सुरू झालं आणि सरकारी नोकरीतल्या कितीतरी चाळिशी-पन्नाशीच्या माणसांना गल्लीतल्या क्लासमध्ये पोरांच्या शेजारी बसून कॉम्प्युटर शिकावा लागला. आत्या त्यांतलीच. डावं बटण समजलं, पण उजवं कशाला असतं ते काही केल्या डोक्यात बसेना. ते बसवलं या खेळानेच. डाव्या बटणाने घर उघडतं, उजव्याने झेंडा लागतो. पुन्हा उजवं दाबलं की झेंड्याचं प्रश्नचिन्ह होतं. चुकीचं बटण दाबलं तर शिक्षा जागेवर. एवढी कडक शिकवणी कुठल्या क्लासला जमली नसती.

झेंड्यांची एक गंमत जाता जाता. वरचा लाल आकडा सुरुंग मोजत नाही, तुमचे झेंडे मोजतो. चुकीच्या घरावर झेंडा लावा, तरी तो मुकाट्याने एकने कमी होतो. गरजेपेक्षा जास्त झेंडे लावलेत तर शून्याच्याही खाली उतरतो. नवशिके त्या आकड्यावर विसंबून आपण जिंकत आलो असं धरून चालायचे, आणि मागचे मात्र हसू दाबत गप्प बसायचे.

(जुन्या माऊसचं पोट उघडलेलं. रबरी बॉल, आतल्या चाकांवर मळाचे वळे.)

हरल्यावर द्यायची कारणंही ठरलेली होती. माऊस अडकला, हे पहिलं. ते कधीकधी खरंही असायचं, कारण बॉलच्या माऊसमध्ये मळ साचला की बाण भलत्या घरावर उडी मारायचा. भारनियमनाच्या काळात दुसरं कारण मिळालं. एक्स्पर्टचा डाव शेवटच्या कोपऱ्यात आला आणि लाइट गेले. यात वाद नाही, पुरावाच गेला. यूपीएस असलेल्यांना ही पळवाट नव्हती.

मग कुठूनतरी एक लबाडीची युक्ती आली. खेळ चालू असताना xyzzy ही पाच अक्षरं टाइप करायची, मग शिफ्ट धरून एंटर. झालं, आता पडद्याच्या अगदी डाव्या वरच्या टोकाला एक टिंब दिसतं. बाण मोकळ्या घरावर असला की पांढरं, सुरुंगावर असला की काळं. खरंच चालायचं ते. पण टिंब इतकं बारीक की खुर्चीत बसलेल्याला, त्यातही ज्याला ठाऊक आहे त्यालाच दिसावं. मागच्यांना काहीच कळत नसे. दादा अचानक एकामागून एक डाव जिंकू लागला आणि तेवढे दिवस खुर्चीमागची गर्दी ओसरली. वाद घालायलाच काही उरलं नाही तर उभं कोण राहणार? माझ्या मते या खेळातलं खरं पाप तेच.

(फळ्यावर खडूने काढलेला पट.)

हे सगळं घरगुती भांडण वाटेल, पण गणितज्ञही याच पटावरून भांडलेत. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या रिचर्ड के यांनी 2000 साली एक लेख लिहिला. त्यांचा प्रश्न साधा होता. अर्धवट उघडलेला पट समोर आहे. त्यावरचे सगळे आकडे खरे ठरतील अशी सुरुंगांची एक तरी मांडणी शक्य आहे का? पट लहान असेल तर बसून सोडवता येतं. पण पट वाटेल तेवढा मोठा असेल तर हा प्रश्न एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे उत्तर तपासणं सोपं पण ते शोधायची झटपट रीत कुणालाच ठाऊक नाही अशा अवघड प्रश्नांपैकी एक आहे, असं त्यांनी सिद्ध केलं. त्यासाठी त्यांनी आकडे आणि झाकलेली घरं अशी मांडली की त्यांतून कॉम्प्युटरच्या आतल्या तारा आणि हो-नाहीचा हिशेब करणारी लॉजिक गेट तयार व्हावीत. असा प्रश्न कुठल्याही पटावर झटपट सोडवणारी रीत कुणाला सापडली, तर पी आणि एनपी हा गणितातला मोठा प्रश्न सुटेल, म्हणजे ज्याचं उत्तर झटपट तपासता येतं ते झटपट शोधताही येतं का, हा. त्यावर अमेरिकेतल्या क्ले या गणिताच्या संस्थेने त्याच वर्षी 10 लाख डॉलरचं बक्षीस लावलं. ते अजून कुणीही नेलेलं नाही.

2011 मध्ये तिघा संशोधकांनी वेगळा मुद्दा काढला. खेळणाऱ्याला असा प्रश्न पडतच नाही, कारण समोरचा पट खरा आहे हे त्याला माहीतच असतं. त्याचा प्रश्न असतो, आता नक्की मोकळं म्हणता येईल असं एखादं घर आहे का? हा प्रश्नही तितकाच अवघड निघाला, फक्त त्याची जात वेगळी. आत्याला यातलं काही माहीत नव्हतं, पण ‘आधी नक्की असलेलं शोध’ हे ती रोज ओरडून सांगत होती.

(पटाचा कोपरा. दोनच घरं झाकलेली.)

आणि कधीकधी नक्की असं काहीच नसतं. कोपऱ्यात एकावर एक दोन घरं उरलीत, त्यांत सुरुंग एक. शेजारच्या प्रत्येक आकड्याला ती दोन्ही घरं शिवतात, त्यामुळे कुठलाच आकडा या दोघांत फरक करू शकत नाही. वरचा लाल आकडाही कामाचा नाही, कारण सुरुंग खाली असो की वर, मोजदाद एकच येते. निम्मे-निम्मे. एक्स्पर्टमध्ये पाच घरांमागे एकाहून किंचित जास्त सुरुंग असतात, म्हणून तिथे असे कोपरे पुन्हा पुन्हा येतात.

बाबा म्हणायचे, शेवटाला ठेव. दादा म्हणायचा, आधीच फोडून मोकळा हो. दोघांचंही खरं, पण वेगवेगळ्या वेळी. भोवतीची घरं अजून झाकलेली असतील तर थांबावं, एखादा नवा आकडा मदतीला येतो. पण कोपरा पुरता बंद झाला असेल तर थांबून उपयोग नाही. तिथे मरायचंच असेल तर उरलेला पट सोडवण्यात अर्धा तास घालवण्याआधी मेलेलं बरं. आमच्याकडे अशा वेळी माऊस घरातल्या सगळ्यात लहानाच्या हाती दिला जायचा. फुटलं तरी त्याला कोण बोलणार!

(नव्या लॅपटॉपवरचा रंगीत पट.)

पुढे बरंच बदललं. खऱ्या सुरुंगांत हातपाय गमावणाऱ्या माणसांचा विचार करा, असा आक्षेप काहींनी घेतला. 2007 च्या विंडोज व्हिस्टामध्ये सुरुंगांऐवजी फुलं निवडायची सोय आली. 2012 मध्ये विंडोज 8 आलं तेव्हा हा खेळ त्यासोबत मिळेनासा झाला, वेगळा उतरवून घ्यावा लागू लागला.

आता अंदाजाची गरजच पडू नये असे पटही मिळतात. सायमन टॅथम यांच्या कोड्यांच्या फुकट संग्रहात असा माइनस्वीपर आहे. पहिल्या क्लिकनंतर पट असा रचला जातो की निव्वळ तर्काने तो पुरा सुटावा. न्याय्य आहे, कबूल. मी तो घोडबंदर रोडच्या नव्या घरात टीव्हीला जोडून आत्यासमोर मांडला. ती सोफ्यावरून उठून मागे येऊन उभी राहिली, दोन डाव बघितले, तिसऱ्यात माझं कुठे चुकलं ते बोटाने दाखवलं, आणि मग म्हणाली, “हे नको. यात हरलं की चूक आपलीच निघते. जुनाच लाव.”