किमान १४ वर्षं, पण फिर्यादीत काय लिहिलंय?

श्रोतेहो, नमस्कार.

बालतस्करीला शिक्षा किती, असं विचारलं तर बहुतेक जण ‘कडक आहे’ एवढंच सांगतात. नेमकं सांगायचं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ असं आहे : १८ वर्षांखालच्या एका मुलाची तस्करी केली तर कमीत कमी १० वर्षं सक्तमजुरी, जास्तीत जास्त जन्मठेप. मुलं एकापेक्षा जास्त असतील तर कमीत कमी १४ वर्षं. मुलांच्या तस्करीत पुन्हा दोषी ठरला तर मरेपर्यंत तुरुंग. पोलीस किंवा सरकारी नोकर सामील असेल तर पहिल्याच गुन्ह्याला मरेपर्यंत तुरुंग. जुन्या दंड संहितेच्या कलम ३७० मध्ये २०१३ सालापासून हेच आकडे होते.

किमान शिक्षा म्हणजे गुन्हा सिद्ध झाल्यावर न्यायाधीशांनाही त्याखाली जाता येत नाही. आरोपीचं वय, गरिबी, पहिलाच गुन्हा, यांतलं काहीही सांगून १० चे ८ होत नाहीत. म्हणूनच सगळी ओढाताण शिक्षेच्या आधी होते. कोणतं कलम लागतंय, यावरच सगळं फिरतं. आणि ते कलम छाप्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत पोलीस ठाण्यात ठरतं.

असं समजा, मुंबईतल्या एका बॅगांच्या कारखान्यावर छापा पडला. बिहारमधून आणलेली चार मुलं सापडली, ११ ते १३ वर्षांची. पोटमाळ्यावरच झोपतात, तिथंच जेवतात. फिर्यादीत वाक्य येतं : ‘सदर मुले काम करताना मिळून आली.’ या वाक्यातून फक्त बालमजुरी सिद्ध होते. बालमजुरीच्या कायद्यात ६ महिने ते २ वर्षं कैद, किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणजे नुसता दंड भरूनही मालक मोकळा होऊ शकतो. त्याच चार मुलांसाठी कलम १४३ लागलं असतं आणि सिद्ध झालं असतं, तर कमीत कमी १४ वर्षं. मुलं तीच, पोटमाळा तोच.

कलम १४३ लागायला तीन गोष्टी दिसाव्या लागतात. मुलाला कुणी तरी मिळवलं, नेलं, ठेवून घेतलं, दुसऱ्याच्या हवाली केलं किंवा ताब्यात घेतलं, ही पहिली. त्यासाठी धमकी, जबरदस्ती, पळवून नेणं, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर किंवा प्रलोभन यांतलं काही तरी वापरलं, ही दुसरी. आणि हेतू शोषणाचा होता, ही तिसरी. २००० सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार मूल असेल तर दुसरी गोष्ट सिद्ध करायची गरजच नसते. भारतानं २०११ मध्ये त्या करारावर शिक्कामोर्तब केलं, पण आपल्या कलमात मुलांसाठी ही सवलत आलेली नाही. आमच्या मते किमान शिक्षा आणखी वाढवण्यापेक्षा ही दुरुस्ती जास्त तातडीची आहे.

तोवर मुलांच्या जबाबात पुढच्या गोष्टी आल्याच पाहिजेत. गावात कोण आलं होतं? काय सांगून नेलं, शाळेत घालतो म्हणून की फिरवून आणतो म्हणून? घरी उचल किती दिली, कुणाच्या हातात? तिकीट कुणी काढलं? घरी फोन करू देत होते का? आईबापांना दिलेले पैसे हेही कायद्यानं प्रलोभनच आहे, आणि मुलाची संमती होती हा बचाव चालत नाही. पंचनाम्यात उचलीची वही, तिकिटं, मोबाइलवरून पाठवलेल्या पैशांच्या नोंदी आणि दाराला बाहेरून असलेली कडी, सगळं यायला हवं. ती कडी तिथं नोंदवली नाही तर पुढं कोर्टात ती नव्हतीच.

दुसरी अडचण वयाची. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रम ठरलेला आहे : आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि हे काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. आधार कार्ड या यादीत नाही. घाईत थेट हाडांची तपासणी केली जाते आणि तिथंच घात होतो. त्या तपासणीत दोन वर्षांची चूक धरली जाते, १७ वर्षांची मुलगी कागदावर १९ ची होऊ शकते, आणि मुलांसाठीची सगळी कलमं गळून पडतात. गावच्या शाळेतून दाखला मागवायला आठवडा लागला तरी चालेल.

मग साक्ष. मूल गावी परततं, खटला वर्षांनी उभा राहतो. तोवर दलाल घरी जाऊन आलेला असतो आणि साक्षीदार फितूर होतो. त्यामुळं मुलाचा जबाब फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १८३ खाली दंडाधिकाऱ्यांसमोर लवकरात लवकर नोंदवून घ्यावा. परराज्यातल्या मुलाला साक्षीसाठी मुंबईला आणायची गरज नाही. त्याच्याच जिल्ह्यातल्या कोर्टातून दूरदृश्य पद्धतीनं साक्ष घेण्याची कार्यपद्धती सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये घालून दिली आहे. सरकारी वकिलांनी ती मागितली पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयानं २००२ मध्ये ‘प्रेरणा’ संस्थेच्या याचिकेवर आणखी एक गोष्ट बजावली : कुंटणखाना चालवणाऱ्याचा किंवा दलालाचा वकील त्याच प्रकरणात पीडितेचा वकील होऊ शकत नाही.

किमान शिक्षेची एक बाजू आम्हाला अस्वस्थ करते. ७ वर्षं किंवा त्याहून जास्त किमान शिक्षा असलेला गुन्हा बाल न्याय कायद्यात ‘घृणास्पद’ गटात मोडतो, आणि मग १६-१७ वर्षांच्या मुलावरही प्रौढासारखा खटला चालू शकतो. गावाकडून मुलं आणायला टोळ्या अनेकदा असाच पोरगा पाठवतात, जो स्वतः चार वर्षांपूर्वी तसाच आणला गेला होता. तो आरोपी की पीडित, हे बाल न्याय मंडळापुढं आग्रहानं मांडायला हवं, कारण शिक्षा सुनावताना त्याच्यासाठी वेगळी सवलत कलम १४३ मध्ये नाही.

तुम्ही पालक, कार्यकर्ते किंवा शेजारी म्हणून फिर्याद दिली असेल तर तिची प्रत मोफत मिळते. ती घ्या आणि त्यात १४३ चं पोटकलम ४ किंवा ५ आहे का, बघा. नसेल तर तपास अधिकाऱ्याला लेखी द्या, पोच घ्या. दोषारोपपत्र दाखल झालं तरी वेळ गेलेली नसते : निकाल लागेपर्यंत कोर्ट आरोपात बदल करू शकतं किंवा नवा आरोप घालू शकतं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २३९. त्यासाठी सरकारी वकिलांना भेटा. आणि एखादं मूल संशयास्पद रीतीनं नेलं जाताना दिसलं तर १०९८ किंवा ११२ लावा. रेल्वेत असाल तर १३९. गाडीचा नंबर आणि डबा सांगा, पुढचं स्थानक यायच्या आत.