मध्यक फिल्टर अनुस्वार का खातो?

मंडळी, करड्या छटांचा फोटो संगणकाच्या लेखी आकड्यांचा एक लांबरुंद तक्ता असतो. 0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा, मधले सगळे करडे. स्पेशियल फिल्टरिंगमध्ये आपण या तक्त्यावरून एक छोटी खिडकी सरकवत नेतो, बहुधा 3 × 3 ची. मधल्या पिक्सेलची नवी किंमत ठरते ती त्याच्या स्वतःच्या आणि आठ शेजाऱ्यांच्या आकड्यांवरून. त्यापलीकडचं खिडकीला काही दिसत नाही. समोर चेहरा आहे की सातबारा, तिला पत्ताच नसतो. म्हणून फिल्टर निवडताना, चित्रात कचरा कोणता आणि मजकूर कोणता, हा अंदाज आपणच बांधत असतो.

फळ्यावरचे हे नऊ आकडे बघा: 98, 101, 99, 100, 255, 102, 97, 100, 103. मधला 255 सरळसरळ उपरा आहे. सेन्सरच्या बिघाडाने उमटलेला पांढरा ठिपका. सरासरी काढली तर बेरीज 1055, भागिले 9, म्हणजे सुमारे 117. ठिपका मंदावला खरा, पण गेला नाही. उलट पसरला, कारण शेजारच्या आठही पिक्सेलांच्या खिडक्यांत तोच 255 शिरतो. एका ठिपक्याचा नऊ पिक्सेलांचा डाग झाला.

आता शाळेतला मध्यक आठवा. आकडे चढत्या क्रमाने लावा आणि पाचवा उचला: 100. ठिपका गायब, डागही नाही. मीठ-मिरी भुरभुरल्यासारख्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांवर म्हणूनच मध्यक फिल्टर इतका गुणकारी.

मग तोच सगळीकडे का वापरू नये? कमी रिझोल्यूशनवर स्कॅन केलेलं एखादं मराठी पान घ्या. त्यातला अनुस्वार 2 × 2 पिक्सेलांचा आहे असं धरू. 3 × 3 ची खिडकी कुठेही ठेवा, नवांपैकी फार तर चार पिक्सेल काळे येतील. पांढऱ्यांचं बहुमत! अनुस्वार पुसला जातो आणि ‘मंद’चं ‘मद’ होतं. शिरोरेषा दोन पिक्सेल जाड असेल तर खिडकीत सहा काळे येतात, ती वाचते. एकच पिक्सेल जाड असेल तर तीही जाते. फिल्टर चुकला का? मुळीच नाही. अल्पमतातला पिक्सेल म्हणजे कचरा, हे गृहीतक आपण त्याला दिलं होतं. देवनागरीला ते मानवत नाही. अशा पानाला मध्यक लावण्यापूर्वी ते जास्त रिझोल्यूशनवर स्कॅन करून घ्या, हाच माझा सल्ला.

सरासरीकडे परत येऊ. सगळ्या शेजाऱ्यांना सारखं वजन देण्याऐवजी मधल्याला 4, बाजूच्यांना 2, कोपऱ्यांना 1 द्या आणि 16 ने भागा. हे गाऊसियन फिल्टरचं छोटं रूप. वजनांच्या अशा तक्त्याला कर्नेल म्हणतात. यातली गंमत अशी की 1, 2, 1 आधी आडवं आणि मग उभं लावलं तरी हेच उत्तर येतं. 15 × 15 च्या गाऊसियन कर्नेलला दर पिक्सेलमागे 225 गुणाकार लागतात. दोन फेऱ्यांत विभागलं तर 30.

कडा शोधायच्या असतील तर बेरजेऐवजी वजाबाकी. 1968 साली स्टॅनफर्डमध्ये आयर्विन सोबेल आणि गॅरी फेल्डमन यांनी मांडलेला कर्नेल असा: डावा स्तंभ −1, −2, −1, मधला शून्य, उजवा 1, 2, 1. वजनांची बेरीज शून्य, त्यामुळे सपाट भागात उत्तरही शून्य. त्यात 1, 2, 1 पुन्हा दिसलं ना? एका दिशेने फरक काढताना दुसऱ्या दिशेने थोडं गुळगुळीत करून घ्यायचं, कारण वजाबाकीने बारीकसारीक खरखरही ठळक होते.

प्रोग्रॅम लिहिताना नवे आकडे वेगळ्या तक्त्यात ठेवा. मूळ तक्त्यातच लिहीत गेलात तर पुढची खिडकी बदललेले शेजारी वाचते. चित्राच्या काठावर खिडकी अर्धी बाहेर लटकते, तिथे शून्यं भरली तर सरासरीनंतर काठाला काळपट चौकट येते. त्यापेक्षा काठाजवळचे पिक्सेल आरशासारखे उलटे भरा. आणि सोबेलचं उत्तर ऋणही येतं. ते थेट 0 ते 255 मध्ये कोंबून ऋण आकडे शून्यावर छाटलेत, तर अंधाराकडून उजेडाकडे जाणाऱ्या कडा दिसतील आणि उजेडाकडून अंधाराकडे जाणाऱ्या सगळ्या हरवतील.