पावनखिंडीची वाट, एका रविवारापुरती

नमस्कार, श्रोतेहो.

जुलै लागला की आपल्या कोल्हापुरात पन्हाळा-पावनखिंड मोहिमांची गडबड सुरू होते. तालमीतली पोरं, शाळा-कॉलेजं, गिर्यारोहण संस्था, पुण्या-मुंबईचे पाहुणे, सगळे दोन दिवस चिखल तुडवत जातात, घोषणा देतात, खिंडीत माथा टेकवतात आणि परततात. त्यात वावगं काही नाही. आपल्यातल्या कित्येकांनी सह्याद्री पहिल्यांदा पाहिला तो याच मोहिमेत. पण आज मला त्या दोन दिवसांबद्दल बोलायचं नाही. बाकीचं वर्षभर ती वाट कुणाची असते, आणि रविवारी सकाळी निघून रात्रीच्या जेवणाला घरी पोहोचणाऱ्या माणसाला ती कशी चालता येते, याबद्दल बोलायचं आहे.

आधी इतिहास, पण तो वाटेपुरताच. १६६० च्या मार्चपासून सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा पडला होता. राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले होते. महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापूरला जाऊन त्याचा हिशेब चुकता केला, तो भाग वेगळा. १२ जुलैच्या रात्री भर पावसात महाराज सहाशेच्या आसपास माणसं घेऊन गडाखाली उतरले. शिवा काशीद दुसऱ्या पालखीतून शत्रूच्या हाती गेले. घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे पाय रोवून उभे राहिले. विशाळगडाच्या पायथ्याशी सुर्वे आणि दळवी यांचा आणखी एक वेढा होता, तो फोडून महाराज वर पोहोचले.

हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण पायी निघालं की एक निराळाच प्रश्न पडतो. ही वाट अशीच का गेली? नकाशा उघडून बघा. दक्षिणेला कासारी, उत्तरेला कडवी आणि वारणा, आणि मधली डोंगररांग पन्हाळ्यापासून पश्चिमेला सरकत सरकत थेट सह्याद्रीच्या मुख्य रांगेला जाऊन भिडते. आषाढात खाली नद्या फुगलेल्या, भातखाचरांत गुडघाभर चिखल. माथा धरून गेलं तर मोठी नदी आडवी येत नाही, ओढे तेवढे येतात. पाठलागावरच्या घोड्यांनाही ही घसरडी चढ-उतार सोपी नव्हे. पुस्तकात वाचताना ती रात्र निव्वळ शौर्याची वाटते. चालताना कळतं की त्यामागे या मुलखाची पुरती जाण होती.

आता आजच्या वाटेचं. महाराजांची पालखी नेमकी कुठल्या बांधावरून गेली, हे कुणी छातीठोकपणे सांगायला लागलं तर ऐकून घ्यावं आणि पुढं चालावं. आज आपण जी वाट म्हणतो ती गावं आणि वाड्या जोडत मंडळींनी बसवलेली आहे. पन्हाळ्याच्या पुसाटी बुरुजाकडून उतरायचं, म्हाळुंगे, मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी असं करत पांढरपाणी आणि तिथून पावनखिंड. सगळं मिळून सुमारे ५० किलोमीटर. यात थोडी गुरांची वाट आहे, थोडा जंगलातला कच्चा रस्ता आहे, मध्येच गावचा डांबरी रस्ता लागतो आणि मध्येच कुणाच्या तरी नाचणीच्या शेताचा बांध. कुठं दिशादर्शक फलक आहे, तर पुढच्या तीन फाट्यांवर काहीच नाही. कुठं दगडावर रंगाचा बाण आहे, तो अर्धा पावसानं धुतलाय. ही वाट अजून घडते आहे.

जुलैच्या मोहिमेत हे जाणवत नाही, कारण पुढच्याच्या पाठीमागं चालायचं असतं. ऑक्टोबरात आठ-दहा जण गेलात की जाणवतं.

नवख्या ग्रुपनं पहिला टप्पा पन्हाळ्यापासूनच घ्यावा. कोल्हापूरहून सकाळच्या एसटीनं पन्हाळा गाठावा, बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी एकदा डोकी मोजून घ्यावीत आणि उतरायला लागावं. पन्हाळा २०२५ च्या जुलैमध्ये आणखी अकरा किल्ल्यांसोबत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्यामुळं गडावर गर्दी वाढलीय, झुणका-भाकरीच्या टोपल्यांभोवती गाड्या लागलेल्या असतात. बुरूज मागं पडला की दहा मिनिटांत ती सगळी गलबल संपते. खाली म्हाळुंग्याकडं उतरायचं आणि पुन्हा चढून मसाई पठारावर यायचं.

या पठारावर जरा थांबू.

मसाई पठार म्हणजे जांभ्या दगडाचा लांबच लांब सपाट माथा, मध्ये मसाई देवीचं देऊळ, आणि एका अंगाच्या कड्यात कोरलेली जुनी बौद्ध लेणी, ज्याला लोक पांडवदरा म्हणतात. लांबून पठार म्हणजे नुसतं गवत वाटतं. ऑगस्ट-सप्टेंबरात तिथं गुडघे टेकून बसा. दगडावर माती असते जेमतेम दोन-चार बोटं. त्या ओल्या मातीत निळी-जांभळी, नखाएवढी फुलं उभी असतात, ती सीतेची आसवं. दिसायला नाजूक, पण वनस्पती मांसाहारी. जांभ्यावरच्या मातीत नत्र फारसा नसतो, पावसानं होता तोही वाहून जातो. म्हणून ही वनस्पती मातीखाली बारीक फुगे तयार करते आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यात ओढून घेते. शेजारीच दवबिंदू नावाची वनस्पती सापडेल. तिच्या पानांवर चिकट थेंब चमकत असतात, चिलट बसलं की अडकलंच. बाजूला गेंदाची पांढरी बोंडं, तेरड्याचा गुलाबी पट्टा, पुढं गणपती झाले की सोनकीचा पिवळा. आणि या सगळ्यातून जीपच्या चाकांच्या दोन चाकोऱ्या गेलेल्या. पठार आता संवर्धन राखीव क्षेत्रात आहे, तरी हौशी लोक गाडी थेट फुलांवर नेऊन उभी करतात. एकदा चाक गेलं की ती चार बोटं माती दबते, तिथं पाणी साठतं, पुढचा गाडीवाला ते डबकं टाळायला आणखी बाजूनं जातो. दोन वर्षांत दोन चाकोऱ्यांच्या सहा होतात. हेच पायवाटेचंही होतं, बरं का. चिखल चुकवायला आपण सगळे कडेकडेनं चालतो आणि वाट रुंद करत जातो. ग्रुपला पहिल्यांदा हेच सांगावं लागतं की बूट भरू द्या, चिखलातनंच चला.

पठारावर धोका एकच, धुकं. समोरचा माणूस वीस पावलांवर दिसेनासा होतो आणि सपाटीवर खुणेला झाडसुद्धा नसतं. गुरांच्या वाटा सगळीकडं फाकलेल्या, त्यातली प्रत्येक वाट आपलीच वाटते. म्हणून ग्रुपमध्ये दोन माणसं आधी ठरवायची, पुढचा गडी आणि मागचा गडी. पुढच्यानं फाट्यावर थांबायचं, मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही. मागच्यानं कुणालाही आपल्या मागं राहू द्यायचं नाही, मग तो फोटो काढत असो की बुटाची नाडी बांधत असो. आमच्याकडं मागचा गडी म्हणून मुद्दाम सगळ्यात दमदार माणूस ठेवतात. पोरांना वाटतं पुढं असणं मोठेपणाचं. उद्यमनगरात लेथवर उभं राहून हयात घालवलेले आमचे एक काका कायम मागं असतात, आणि त्यांच्या सॅकमध्ये दोरी, बँडेज, गुळाचा खडा आणि जादा भाकरी हे चारही असतंच असतं.

पठार उतरलं की कुंभारवाडी, खोतवाडी. इथून पुढं झाडी दाट होते. पावसाळ्यात असाल तर जळवांची ओळख होईल. ओढून काढू नका, मीठ किंवा तंबाखूची चिमूट लावा, आपोआप सुटते. गवाही या भागात आहे, हे आता शहरातल्या लोकांनाही सांगायला नको. एकटा नर दिसला तर आवाज न करता लांबून वळसा घालायचा, मोबाइल काढून पुढं सरकायचं नाही.

वाडीतली माणसं विचारतातच. "कुठनं आलाय वो? खिंडीला निघालाय व्हय?" एक दिवसाचंच चालतोय म्हटलं की म्हातारी बघत राहते. "मग येवढं कशाला चालायचं? वडाप हाय की!" वडाप म्हणजे माणशी भाडं घेणारी खासगी जीप. त्या बिचारीचं चुकत नाही. तिनं दळणासाठी, दवाखान्यासाठी, बाजारासाठी आयुष्यभर हीच वाट तुडवलीय, तीही डोक्यावर ओझं घेऊन. आपली हौस ती तिची रोजची दगदग, हे पक्कं ध्यानात ठेवून बोलायचं. मग ती ताक देते. ताकाचे पैसे ती घेणार नाही, हे खरं. पण आदल्या दिवशी फोन करून दहा जणांच्या भाकरी-पिठल्याचं सांगितलं असेल तर मात्र व्यवहार चोख ठेवावा, ठरल्यापेक्षा चार पैसे वर द्यावेत, घासाघीस करू नये. जुलैचे चार दिवस या वाड्यांतून हजारो माणसं जातात आणि मागं बिस्किटांचे पुडे नि पाण्याच्या बाटल्या उरतात. गावाच्या हाताला काही लागायचं असेल तर ते वर्षभर येणाऱ्या लहान लहान ग्रुपांकडूनच लागेल. माझं मत विचाराल तर या वाटेचं भवितव्य इथंच ठरणार आहे, फलकांवर आणि उद्घाटनांवर नाही.

अमेरिकेत ॲपलाचियन ट्रेल म्हणून साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट आहे. १९२१ मध्ये बेंटन मॅकाय या माणसानं तिची कल्पना मांडली आणि १९३७ मध्ये ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडली गेली. ती काही एका ठेकेदारानं बांधली नाही. त्या त्या भागातल्या चालणाऱ्यांच्या क्लबांनी आपापला तुकडा वाटून घेतला. आजही वाटेवर पडलेलं झाड कापणं, पाणी वाटेवरून न वाहता बाजूला जावं म्हणून दगड लावणं, झाडावरची पांढरी खूण पुन्हा रंगवणं, यातलं बरंचसं काम स्वयंसेवक सुट्टीच्या दिवशी करतात. आणि तिथं वर्षाला जे लाखो लोक चालतात, त्यातले बहुतेक एक दिवसापुरतेच आलेले असतात. सगळी वाट एका दमात चालणारे थोडे.

आपल्याकडं ५० किलोमीटर आहेत. कोल्हापुरात तालमी किती, मंडळं किती, ट्रेकिंगचे ग्रुप किती! एकेका ग्रुपनं पाच-सहा किलोमीटर अंगावर घेतले तरी वाट पुरायची नाही, भांडणं लागतील. काम फार मोठं नाही. पावसाळ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडाला एकदा जायचं. गावच्या पाटलांना, सरपंचांना आणि वनरक्षकाला आधी विचारायचं, ज्याच्या बांधावरून जातो त्या शेतकऱ्याची परवानगी घ्यायची. फाट्यावर दगडांची लहानशी रास रचायची किंवा एकच ठरलेली खूण लावायची. आज एका झाडावर तीन मंडळांचे तीन रंगांचे बाण आहेत आणि त्यातला एक उलट्या दिशेला आहे, ते थांबवायचं. सिमेंटची पाखाडी मात्र मागू नका. विकास म्हटलं की आपल्याला पेव्हिंग ब्लॉक आणि कमान आठवते. डोंगरउतारावर सिमेंट घातलं की पाणी त्यावरून धावतं आणि कडेची माती खरवडून नेतं, चौथ्या पावसाळ्यात सिमेंट अधांतरी आणि शेजारी कमरेएवढी घळ. साध्या दगडाचे आडवे टप्पे आणि पाणी काढायला तिरपी चर, एवढ्यानं भागतं. वाड्यांतल्या जुन्या माणसांना ते काम येतं, त्यांना मजुरी देऊन करून घ्यावं.

आणखी एक. कासारीचा उगम या वाटेच्या शेवटाकडं, गजापूरच्या बाजूला आहे. ती खाली येऊन कुंभी, तुळशी, भोगावतीबरोबर पंचगंगेत मिसळते. वाटेवर ओढ्यात टाकलेलं प्लास्टिक कुठं पोहोचतं, ते पंचगंगेच्या घाटावर उभं राहून बघितलंत तरी चालेल.

ज्यांना यायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. पहिल्यांदा येत असाल तर भर जुलै टाळा. गणपती झाल्यावर फुलं असतात, दिवाळीनंतर हवा स्वच्छ असते आणि पठारावरून ज्योतिबाचा डोंगर दिसतो. मार्चनंतर सावली नाही, पाणीही नाही. माणशी दोन-तीन लिटर पाणी घरून न्या, पठारावरच्या तळ्यांत म्हशी डुंबतात. नवे बूट त्याच दिवशी घालू नका. ग्रुप बारा-पंधरापेक्षा मोठा करू नका. परतीची वडापची गाडी सकाळीच ठरवून ठेवा, कारण संध्याकाळी वाडीतून खाली उतरायला काही मिळेलच असं नाही आणि फोनला रेंज नसते. दुपारी दोन वाजता अर्ध्याहून जास्त वाट उरली असेल तर जवळच्या वाडीत उतरून गाडी बोलवायची. तो टप्पा पुढच्या रविवारी तिथूनच सुरू करता येतो.

आमच्या ग्रुपचा पुढचा टप्पा मांडलाईवाडीपासून करपेवाडीपर्यंत आहे. या खेपेला प्रत्येकानं डब्याबरोबर एक कोयता किंवा खुरपं आणायचं ठरलंय, वाटेवर घाणेरीची झुडपं माजलीत. काका मागंच असतील.

नमस्कार.